प्रेमळ देव आणि जगातील दुष्टाई : श्रद्धेपुढचा जुना प्रश्न

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेत मृतांच्या स्मरणाचा महिना म्हणून पाळला जातो. १ तारखेला सर्व संतांचा सण आणि २ तारखेला सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन. त्या संध्याकाळी धर्मग्रामाच्या दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, कबरींवर फुले वाहिली जातात, धर्मगुरू आशीर्वादित पाणी शिंपडत रांगांमधून फिरतात. आपल्या वृद्ध आईवडिलांच्या कबरीपाशी उभ्या असलेल्यांच्या चेहऱ्यावर बहुधा शांती असते. परंतु प्रत्येक दफनभूमीत काही कबरी आखूड असतात. तेथे उभ्या असलेल्या आईबापांच्या मनात वर्षानुवर्षे एकच प्रश्न असतो आणि तो ते आम्हा धर्मगुरूंना क्वचितच मोठ्याने विचारतात : देव प्रेमळ आहे, तर मग हे का?

आमच्या धर्मगुरुपदाच्या सुरुवातीच्या वर्षांतील एक चूक आम्ही येथे कबूल करतो. एका लहान मुलाच्या अंत्यविधीच्या वेळी प्रवचनात आम्ही म्हणालो होतो की, देवाला आपल्या बागेसाठी एक सुंदर फूल हवे होते, म्हणून त्याने ते खुडून नेले. वाक्य गोड होते. अनेकांनी डोळे पुसले. पुष्कळ वर्षांनी त्या मुलाची आई आम्हाला म्हणाली, "फादर, त्या दिवशी तुम्ही देवाला चोर ठरवलंत. त्यानंतर किती दिवस मला प्रार्थनाच करता येईना." तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्या दिवसापासून ते वाक्य आम्ही पुन्हा कधी उच्चारले नाही.

प्रेमळ देवावरील श्रद्धा आणि जगातील दुष्टाई यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गापुरता नाही. आपण दुःखाच्या घरी जाऊन काय बोलतो, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणून पवित्र शास्त्र, ख्रिस्तसभेचे आचार्य आणि इतिहास यांनी या प्रश्नाविषयी काय सांगितले आहे, याचा थोडक्यात परामर्श येथे घेत आहोत.

१. प्रश्नाची मांडणी

या प्रश्नाची प्रसिद्ध मांडणी एपिक्यूरस (ख्रिस्तपूर्व ३४१ ते २७०) या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर सांगितली जाते. चौथ्या शतकातील ख्रिस्ती लेखक लॅक्टान्शियस यांनी ती आपल्या ग्रंथात नोंदवून तिला उत्तर देण्याचा प्रयत्न केला. तिचा आशय असा : दुष्टाई दूर करण्याची देवाची इच्छा असूनही त्याला ते जमत नसेल, तर तो दुर्बळ आहे. जमत असूनही इच्छा नसेल, तर तो निष्ठुर आहे. इच्छा आणि सामर्थ्य दोन्ही असतील, तर दुष्टाई आली कोठून?

याचा अर्थ तीन विधाने एकत्र नांदू शकत नाहीत, असा आक्षेप आहे : देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्णपणे प्रेमळ आहे, दुष्टाई खरोखर अस्तित्वात आहे. यांपैकी एक विधान सोडून दिले की कोडे सुटते. नास्तिक देवच नाकारतो. काही विचारधारा दुःखाला केवळ भास मानतात. प्राचीन मानी पंथ चांगल्या देवाच्या तोडीची एक दुष्ट शक्ती मानत असे. आपल्या काळात अमेरिकेतील यहुदी धर्मगुरू हॅरॉल्ड कुशनर यांनी आपला मुलगा दुर्धर आजाराने गमावल्यानंतर १९८१ साली एक पुस्तक लिहिले आणि देवाचे प्रेम अबाधित ठेवून त्याच्या सामर्थ्याला मर्यादा मानली. जखमी पित्याचे ते प्रामाणिक उत्तर होते. ख्रिस्ती श्रद्धा मात्र तिन्ही विधाने धरून ठेवते. त्यामुळे तिची वाट सर्वांत अवघड आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्याचा देव लहरी आहे, त्याला दुःखाचे कोडे पडत नाही. लहरी सत्तेकडून लहरी वागणुकीचीच अपेक्षा असते. देव प्रेम आहे, असे ज्याला सांगितले गेले आहे, त्यालाच 'का?' असा प्रश्न पडतो. म्हणून हा प्रश्न विचारणारा मनुष्य श्रद्धाहीन झाला, असे समजण्याचे कारण नाही.

२. दुष्टाईचे दोन प्रकार

धर्मशास्त्र दुष्टाईचे मुख्यतः दोन भाग करते. मनुष्य आपल्या स्वतंत्र इच्छेने जे वाईट करतो, ती नैतिक दुष्टाई : खून, युद्ध, फसवणूक, औषधातील भेसळ, जातीच्या नावाने केलेला छळ, घराच्या चार भिंतींआड होणारी मारहाण. निसर्गाच्या घडामोडींतून जे दुःख येते, ते नैसर्गिक अनिष्ट : भूकंप, महापूर, कर्करोग, जन्मजात व्यंग.

हा भेद पुस्तकी वाटला, तरी व्यवहारात तो फार महत्त्वाचा आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने रस्त्यावर एखाद्याचा जीव घेतला आणि आपण मृताच्या घरी जाऊन 'देवाची मर्जी' म्हणालो, तर माणसाचा अपराध आपण देवाच्या खात्यावर टाकतो. खरा अपराधी त्या वाक्याआड सुखाने लपून बसतो. दोन्ही प्रकार अनेकदा एकमेकांत गुंतलेलेही असतात. जमीन हादरणे हे निसर्गाचे काम. कमी सिमेंट घालून बांधलेली इमारत कोसळणे हे माणसाचे.

३. पवित्र शास्त्राची साक्ष

उत्पत्तीच्या पुस्तकात देव आपली निर्मिती पाहतो आणि ती त्याला चांगली वाटते. आदाम आणि हव्वा यांच्या आज्ञाभंगातून पाप आणि त्यामागोमाग दुःख व मृत्यू मानवाच्या वाट्याला येतात. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची सुरुवातच या कथेच्या कथनाशी जोडलेली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली छापले गेलेले 'ख्रिस्तपुराण' जगाची निर्मिती आणि मानवाचे पतन ओव्यांमधून सांगते. निर्मिती चांगली आहे आणि दुष्टाई देवाच्या हातून आलेली नाही, हा या कथेचा गाभा आहे.

परंतु प्रत्येक दुःख हे त्या त्या मनुष्याच्या पापाची शिक्षा आहे, असे शास्त्र म्हणते का? जुन्या करारात तसे सुचवणारी वचने आहेत, हे नाकारता येत नाही. तथापि त्याच जुन्या करारात ४२ अध्यायांचे ईयोबाचे पुस्तक आहे आणि त्याने या समजुतीला मुळातून हादरा दिला. ईयोब नीतिमान असूनही मुलेबाळे, संपत्ती आणि आरोग्य गमावतो. त्याचे तीन मित्र भेटीस येतात आणि सात दिवस व सात रात्री काहीही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. तेथपर्यंत ते उत्तम मित्र होते. मग ते बोलू लागतात आणि सारे बिघडते. तू काही पाप केले असशील, देव अन्यायी नाही, कबूल कर, असे ते परोपरीने सांगतात. ईयोब ते मान्य करीत नाही. तो थेट देवालाच जाब विचारतो. शेवटी देव बोलतो तेव्हा दुःखाचे कारण सांगत नाही. पण एक निवाडा मात्र देतो. देवाची बाजू घेऊन बोलणारे मित्र त्याच्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. देवाशी भांडणारा ईयोब यथार्थ बोलला (ईयोब ४२:७). देवाचे वकीलपत्र घेणाऱ्या आम्हा सर्वांना हा इशारा आहे.

योसेफाच्या कथेत दुसरा धागा सापडतो. भावांनी त्याला विकले, ते वाईटच होते. पुढे दुष्काळात त्याच योसेफाच्या हातून अनेकांचे प्राण वाचले. भावांचा हेतू वाईट होता, तरी देवाने त्यातून चांगले घडवले, असे योसेफ त्यांना सांगतो (उत्पत्ती ५०:२०). भावांचे पाप त्यामुळे पुण्य ठरत नाही. देव पापापुढे हतबल नसतो, एवढेच त्यातून कळते.

नव्या करारातील दोन प्रसंग प्रत्येक भाविकाने पाठ करून ठेवावेत. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? आपल्याकडे 'कर्माचे भोग', 'प्रारब्ध', 'पूर्वजांचे पाप' असे शब्द ज्या सहजतेने तोंडी येतात, त्याच सहजतेने हा प्रश्न आला होता. येशू दोन्ही पर्याय नाकारतो (योहान ९:३) आणि त्या माणसाला दृष्टी देतो. दुसरा प्रसंग लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. ती यरुशलेममधील इतरांपेक्षा अधिक पापी होती का, असा प्रश्न येशू स्वतःच उपस्थित करतो आणि 'नाही' असे स्पष्ट उत्तर देतो. मग तो ऐकणाऱ्यांना स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवतो. मेलेल्यांचा हिशेब मांडू नका, आपले जीवन तपासा, असा त्याचा रोख आहे.

४. ख्रिस्तसभेच्या आचार्यांचे चिंतन

या प्रश्नाने सर्वाधिक छळले ते संत ऑगस्टीन (इ. स. ३५४ ते ४३०) यांना. दुष्टाईचे उत्तर शोधत ते तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मानी पंथाच्या नादी लागले. पुढे ३८७ साली मिलान येथे संत अँब्रोज यांच्याकडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुष्टाई हे स्वतंत्र द्रव्य नाही, तर चांगुलपणाचा अभाव किंवा बिघाड आहे, असा विचार त्यांनी मांडला. अंधत्व ही डोळ्यात घातलेली वस्तू नव्हे. असायला हवी ती दृष्टी तेथे नाही. लाकूड असल्याशिवाय वाळवी लागत नाही. तशी चांगल्या वस्तूशिवाय दुष्टाई असू शकत नाही. म्हणून देवाने दुष्टाई निर्माण केली, असे म्हणता येत नाही. दुःख खोटे आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्याला दिसत नाही, त्याचा अंधार खराच असतो.

४१० साली रोम शहर लुटले गेले, तेव्हा ख्रिस्ती धर्मामुळेच हे संकट आले, असा आरोप झाला. 'देवाचे नगर' हा ग्रंथ ऑगस्टीन यांनी त्या निमित्ताने लिहावयास घेतला. संकटात सज्जन आणि दुर्जन सारखेच होरपळतात, हे त्यांनी पहिल्याच भागात मान्य केले. त्या लुटीत ज्या स्त्रियांवर अत्याचार झाले, त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्यांनाही त्यांनी ठणकावले : जिच्यावर बळजबरी झाली, तिची शुद्धता यत्किंचितही कमी होत नाही, दोष करणाऱ्याचा आहे. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे बोल आजही काही घरांत पोहोचायचे आहेत.

ऑगस्टीन यांच्याही आधी, दुसऱ्या शतकात, ल्याँचे बिशप संत आयरेनियस यांनी वेगळ्या बाजूने विचार केला होता. मानव परिपूर्ण अवस्थेत निर्माण झाला नाही. तो बालकासारखा होता आणि त्याला देवाच्या प्रतिरूपाकडे वाढत जायचे होते. स्वातंत्र्य, चुका आणि कष्ट यांतून ही वाढ होते. विसाव्या शतकात जॉन हिक या विचारवंताने १९६६ साली हाच धागा पुढे नेऊन जगाला आत्म्याच्या जडणघडणीची भूमी म्हटले. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली आयरेनियस यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. या विचारात सांत्वन आहे, पण मर्यादाही आहे. काही दुःखे माणसाला घडवतात, तर काही त्याला मोडून टाकतात. आणि दोन दिवसांचे अर्भक दुःखातून कोणता धडा शिकणार?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या महाग्रंथात देवाचे अस्तित्व सिद्ध करण्यापूर्वी विरोधकांचे आक्षेप मांडले. त्यांतील पहिला आक्षेप दुष्टाईचाच आहे. प्रश्न दडपून श्रद्धा टिकत नाही, हे आमच्या परंपरेला त्या काळीही ठाऊक होते. देव दुष्टाईला वाव देतो तो तिच्यातूनही चांगले घडवण्याइतका तो समर्थ व चांगला असल्यामुळेच, हे ऑगस्टीन यांचे उत्तर थॉमस तेथे स्वीकारतात. देव घडवतो आणि देव घडू देतो, यांतील फरक या उत्तरात कळीचा आहे.

५. लिस्बन, बिहार, किल्लारी

ग्रंथांतील विचार कधी कधी एका सकाळीत कसाला लागतो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे मिस्सासाठी देवळे भरली असतानाच प्रचंड भूकंप झाला. देवळांची छते भाविकांवर कोसळली. मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या आणि सणासाठी लावलेल्या मेणबत्त्यांतून व चुलींतून आगी भडकल्या. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. वसई त्यापूर्वी सोळा वर्षे, १७३९ साली, पोर्तुगिजांच्या हातून गेली होती. पण गोव्याचा कारभार तेव्हा याच लिस्बनहून चालत असे.

शक्य असलेल्या सर्व जगांत हेच सर्वांत उत्तम जग आहे, असे लायब्निट्स या जर्मन तत्त्वज्ञाने १७१० साली प्रतिपादले होते. त्या आशावादाची व्हॉल्टेअरने १७५६ साली एका काव्यात आणि १७५९ साली 'कांदीद' या कथेत खिल्ली उडवली. रूसोने त्याला पत्र लिहून एक साधा मुद्दा मांडला : सहा-सात मजली हजारो घरे एका जागी दाटीने निसर्गाने बांधली नव्हती. इकडे गाब्रिएल मालाग्रिदा या येशूसंघीय धर्मगुरूंनी पत्रक काढून भूकंप हा लोकांच्या पापांबद्दल देवाचा कोप असल्याचे सांगितले. दुसरीकडे काही प्रोटेस्टंट उपदेशकांनी तो कॅथोलिकांवरचा कोप ठरवला. एकाच भूकंपातून प्रत्येकाने आपल्याला हवे ते पाप शोधून काढले.

आपल्या देशातही असा वाद झाला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये झालेल्या भूकंपात दहा हजारांहून अधिक लोक मरण पावले. हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल दैवी दंड आहे, असे महात्मा गांधी म्हणाले. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात त्यांच्या बाजूने असलेले रवींद्रनाथ टागोर यांनी मात्र याला जाहीर विरोध केला. असाच तर्क लावून सनातनी मंडळी भूकंपाचे खापर गांधीजींच्याच सुधारणेवर फोडू शकतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. गांधीजींनी टागोरांचा तो लेख आपल्या 'हरिजन' पत्रात छापला आणि उत्तरही दिले. गांधीजींचा हेतू उदात्त होता, यात शंका नाही. तरीही या एका मुद्द्यावर शिलोहाच्या बुरुजाविषयीच्या प्रभूच्या शिकवणुकीला टागोरांचे म्हणणे अधिक जवळचे आहे, असे आम्हाला वाटते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. अनंत चतुर्दशीला गणेशविसर्जन करून गावे झोपली होती आणि चारच्या सुमारास किल्लारी व परिसर हादरला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो लोक गेले. त्या भागातील घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि जड माळवदाची होती. उन्हापासून वाचवणाऱ्या त्याच भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. त्यात कोणाचे पाप शोधणार?

असाच मोह उलट्या दिशेनेही होतो. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, त्सुनामीच्या लाटा वेळांकणी येथे आल्या. मुख्य देवळात पाणी शिरले नाही, म्हणून अनेकांनी देवाचे आभार मानले आणि ते स्वाभाविक होते. परंतु त्याच सकाळी किनाऱ्यावर असलेले शेकडो यात्रेकरू वाहून गेले. तेही पवित्र मरियेच्याच दर्शनासाठी आले होते. वाचलेल्याने आभार मानावेत. पण जो वाचला नाही तो देवाचा नावडता होता, असे त्या आभारातून कोणाला ऐकू जाऊ नये.

६. आधुनिक आक्षेप

विसाव्या शतकात हा वाद पुन्हा तीव्र झाला. १९५५ साली जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने, सर्वशक्तिमान व प्रेमळ देव आणि दुष्टाई यांत सरळ तार्किक विसंगती आहे, असे मांडले. त्याला ॲल्विन प्लँटिंगा या ख्रिस्ती विचारवंताने १९७४ साली उत्तर दिले. त्याचा सारांश असा की, खरे प्रेम स्वातंत्र्याशिवाय अशक्य आहे आणि जे खरोखर स्वतंत्र आहेत, ते कधीच चुकणार नाहीत, अशी सक्ती देवही करू शकत नाही. कारण सक्तीचे स्वातंत्र्य हा वदतोव्याघात आहे. या उत्तरानंतर तार्किक विसंगतीचा मुद्दा बराच मागे पडला.

तरी तर्काने वाद जिंकला म्हणजे मन शांत होते असे नाही. दस्तयेवस्की यांच्या 'करमाझव बंधू' या १८८० साली पूर्ण झालेल्या कादंबरीत इव्हान हा भाऊ विचारतो की, निष्पाप बालकाच्या यातनांच्या किमतीवर उभा राहणारा भावी स्वर्ग कोणाला हवा? लेखक स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती असूनही त्यांनी हा आक्षेप त्याच्या पूर्ण ताकदीने मांडला. त्याला उत्तर म्हणून दुसरा भाऊ अल्योशा युक्तिवाद करीत नाही. तो येशूचे नाव घेतो. आम्हालाही तर्काच्या पलीकडे तेथेच जावे लागते.

नैसर्गिक अनिष्टाविषयी कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद ३१०) सांगतो की, देवाने जग पूर्णत्वाकडे वाटचाल करणारे असे निर्माण केले आहे. या वाटचालीत घडणे आणि मोडणे दोन्ही येतात. पर्वत उभे करणारी पृथ्वीच्या पोटातील हालचालच भूकंपही घडवते. हे समजून घेणे उपयोगी आहे. मात्र तोच ग्रंथ आधी (परिच्छेद ३०९) बजावतो की, या प्रश्नाला कोणतेही झटपट उत्तर पुरे पडणार नाही. निर्मिती, पाप, तारण, क्रूस व पुनरुत्थान अशी सबंध ख्रिस्ती श्रद्धा मिळून त्याचे उत्तर होते.

७. क्रूसाचे उत्तर

लाझरच्या कबरीपाशी येशू रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार, हे ठाऊक असूनही रडला. मरणाला 'देवाची मर्जी' म्हणून शांतपणे स्वीकारणे हीच श्रद्धेची कसोटी असती, तर ते अश्रू शुभवर्तमानात आले नसते. गेथसेमनीच्या बागेत त्याने प्याला टळावा म्हणून विनवणी केली. क्रूसावर त्याने बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीची आर्त हाक दिली, म्हणजे 'का?' हा प्रश्न देवाच्या पुत्राने स्वतःच्या तोंडाने विचारला आहे. तो विचारणाऱ्या कोणत्याही आईला आता गप्प करण्याचा अधिकार आम्हाला उरलेला नाही.

पोप योहान पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे ११ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांनी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी 'साल्विफिची दोलोरिस' हे प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले. ईयोबाचे दुःख शिक्षा नव्हती, हे त्यात स्पष्ट केले आहे. पत्राच्या शेवटच्या भागात ते दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याकडे वळतात : दुःख जगात आहे ते माणसाच्या ठायी प्रेम जागे करण्यासाठीही, असे ते सांगतात. दाखल्यातील शोमरोनी जखमी माणसाला, तू या वाटेने एकटा का आलास, असे विचारत नाही. तो तेल आणि द्राक्षारस काढतो.

पोप बेनेडिक्ट सोळावे २८ मे २००६ रोजी ऑश्विट्झ छळछावणीत गेले, तेव्हा देव त्या वेळी गप्प का राहिला, हा प्रश्न त्यांनी तेथे उघडपणे मांडला. त्याच छावणीत १४ ऑगस्ट १९४१ रोजी संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी मरण पत्करले होते. ११ मार्च २०११ च्या जपानमधील भूकंपानंतर सात वर्षांच्या एका जपानी मुलीने, मुलांना इतके दुःख का, असे दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठी पोपमहोदयांना विचारले. शुभ शुक्रवारी त्यांनी दिलेले उत्तर प्रत्येक धर्मगुरूने लक्षात ठेवण्याजोगे आहे. मलाही हाच प्रश्न पडतो, आमच्याजवळ याचे उत्तर नाही. पण येशूने तुमच्यासारखेच निरपराध असून दुःख सोसले आणि देव तुमच्या बाजूला आहे, असे ते म्हणाले. आपल्या काळातील एक मोठा ईशज्ञानी एका बालिकेपुढे आपल्याला उत्तर ठाऊक नसल्याचे सांगतो, यात श्रद्धेचा पराभव नाही. कोविडच्या काळात २७ मार्च २०२० रोजी पावसाने भिजलेल्या रिकाम्या चौकात पोप फ्रान्सिस यांनीही, ही देवाने न्याय करण्याची घडी नसून आपण काय निवडतो याची घडी आहे, असे सांगितले.

आणि पुनरुत्थान? ते क्रूस पुसून टाकत नाही. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. दुष्टाईला शेवटचा शब्द मिळणार नाही, एवढे वचन त्या व्रणांत आहे. आमच्या मृत बालकांविषयीची आमची आशा त्या वचनावरच उभी आहे.

८. दुःखाच्या घरी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वरील सर्व विवेचन आपल्या वागण्यात उतरावे, यासाठी तीन वाक्ये टाळावीत, असे आम्ही सुचवतो.

'तुमच्या हातून काही घडले असेल.' हे ईयोबाच्या मित्रांचे वाक्य आहे. योहान ९ आणि लूक १३ वाचल्यावर ते ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभत नाही. कोणी बुवा किंवा प्रार्थनागटातील कोणी, आजार हा घराण्याच्या पापामुळे किंवा श्रद्धा कमी पडल्यामुळे आहे, असे सांगत असेल, तर त्याचे ऐकू नये आणि उपचार थांबवू नयेत.

'देवानेच नेले.' देव मृतांना आपल्या जवळ घेतो, हे सत्य आहे. देव अपघात घडवून आणतो, हे सत्य नव्हे. दोन्ही वाक्ये शोकाकुल कानांना सारखीच ऐकू येतात. म्हणून जपून बोलावे.

'हा तुझा क्रूस आहे, सहन कर.' हे वाक्य बरेचदा नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला ऐकवले जाते. खेदाने सांगावे लागते की कधी कधी ते कबुलीच्या कोठडीतूनही आले आहे. ख्रिस्ताने क्रूस आपणहून उचलला. कोणी दुसऱ्याच्या पाठीवर तो लादावा, असे त्याने शिकवले नाही. जेथे दुष्टाई माणसाच्या हातून होते, तेथे तिला थांबवणे, पीडिताला सुरक्षित स्थळी नेणे आणि दोषीला जबाबदार धरणे हेच श्रद्धेचे काम आहे. दोषी ख्रिस्तसभेच्या सेवेतील असला, तरी नियम तोच.

मग करावे काय? ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस जे केले ते : जवळ बसावे. चहाचा कप पुढे करावा, मुलांना शाळेत पोहोचवावे, दवाखान्याची बिले व कागदपत्रे पाहावीत. रोझरी म्हणावी, पण घरच्यांनी तोंड उघडले नाही, तर त्यांच्या वतीने आपण म्हणावी. पहिला महिना माणसे येतात. सहाव्या महिन्यात कोणी येत नाही. तेव्हा जावे. मृताचे नाव घ्यायला घाबरू नये. आईला ते नाव ऐकायचे असते.

सुरुवातीला उल्लेखिलेल्या त्या मातेला आम्ही पुढे एकदा विचारले की, त्या दिवशी आम्ही काय बोलायला हवे होते? ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "काही नाही, फादर. तुम्ही रडला असतात तरी चाललं असतं." दर २ नोव्हेंबरला ती त्या आखूड कबरीपाशी मेणबत्ती लावते. आम्ही तेथे पोहोचतो, पाणी शिंपडतो, मुलाचे नाव घेऊन प्रार्थना म्हणतो आणि थोडा वेळ तिच्याजवळ उभे राहतो. प्रवचन करीत नाही.